पुस्तकांचं कपाट डुलतंय? आधी त्याची पाठ बघा

प्रश्न : काकू, नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही नागपूरच्या बेसा भागात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. ऑनलाइन मागवलेलं पुस्तकांचं कपाट मी आणि मुलानं मिळून घरीच जोडलं. १८० सेंटिमीटर उंच, ८० रुंद, पाच खण. सोबत आलेल्या वाकड्या चावीनं सगळं कसलं, तरी बोट लावलं की डावी-उजवीकडे डुलतं. पुन्हा कसलं, तर आता दोन ठिकाणचे स्क्रू नुसतेच फिरून राहिले. खाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून पाहिल्या. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं तर ते म्हणाले, "ताई, हा भुसा आहे भुसा. फेका अन् सागवानाचं करून घ्या." साडेचार हजारांचं कपाट काऊन फेकायचं? पुस्तकं खोक्यांतच आहेत. फोटो पाठवते आहे. — एक वाचक, बेसा

उत्तर : फेकू नका हो. आणि आता आणखी कसूही नका. कसून कसूनच त्या दोन भोकांचे दाते गेले आहेत. तुमच्या कपाटाचं दुखणं स्क्रूमध्ये नाही, पाठीत आहे. मागच्या बाजूचा फोटो जरा मोठा करून पाहा. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड, मधोमध घडीची रेघ, आणि डाव्या कडेला ठोकलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे. त्यातल्या दोन फळीत शिरलेल्याच नाहीत, फळीच्या आतल्या अंगाला बाहेर डोकावताहेत. खालच्या कोपऱ्यात तर चूकच नाही, बोर्ड सुटून बोटभर पुढे आलाय.

हा पातळ बोर्ड धूळ अडवायला किंवा भिंत झाकायला दिलाय असं बहुतेकांना वाटतं. शेवटी दमून-भागून तो कसाबसा ठोकतात. मुलांना कंटाळा आलेला असतो, चहा झालेला असतो, चुका पुरत नाहीत. खरं म्हणजे अख्खं कपाट सरळ उभं राहतं ते त्याच्याच जोरावर. दोन उभ्या फळ्या आणि दोन आडव्या जोडल्या की चौकट होते, पण नुसत्या चौकटीला कोपऱ्यातून ढकललं तर ती तिरपी होणारच. कोपऱ्यातला स्क्रू फळीला फळीपासून सुटू देत नाही एवढंच. तिरपं होणं थांबवायची ताकद त्या इवल्याशा जागेत नसते. जुन्या घरांच्या लाकडी फाटकाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी मारलेली असते, ती काढली की फाटक महिनाभरात लोंबतं. तुमच्या कपाटात त्या तिरप्या पट्टीचं काम हा बोर्ड करतो, फक्त चारही कडांनी घट्ट बसलेला असला तर.

माझ्या वडिलांचं लकडगंजात दुकान होतं, शाळांचे बाक आणि डेस्क व्हायचे. मी हिशेब लिहायला बसायचे आणि लिहिता लिहिता काम शिकले. सागवानाचे बाक, चांगली कूस (खाचेत घट्ट बसणारं लाकडी टोक) मारलेले, तरी खाली तिरपा आडणा दिल्याशिवाय बाबा दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मुलं बाकावर बसत नाहीत, झुलतात, असं ते म्हणायचे. म्हणजे हा प्रश्न भुशाच्या फळीचा नाही. चंद्रपूरच्या सागवानाचं कपाट विनापाठीचं केलं तरी तेही डुलेल, फक्त जरा उशिरा.

मिस्त्रींचं अर्धं मात्र खरं आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे कपचे आणि भुसा राळेत दाबून केलेली फळी. तिला रेषा नसतात, त्यामुळे कडेतून मारलेला स्क्रू लाकडात धरतो तसा धरत नाही, आणि एकदा दाते मोडले की त्याच भोकात तो कधीच धरत नाही. पाणी प्यायली की फुगते, वाळली तरी परत बसत नाही. सागवानावर हात बसलेल्या माणसाला तिचा राग येणं साहजिक आहे. पण तिला हातोडी अन् खिळे लावणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि बरेच मिस्त्री रागाच्या भरात नेमकं तेच करतात. ही फळी वेगळ्या पद्धतीनं जोडायची असते. सामान सुटं, चपट्या खोक्यात घरी न्यायचं आणि तिथे जोडायचं, ही युक्ती आयकिया या स्वीडिश कंपनीनं १९५६ पासून चालवली. टेबलाचे पाय काढल्याशिवाय ते गाडीत मावेना, त्यातून हे सुचलं असं सांगतात. त्या पद्धतीत जोडणारा माणूसच सुतार असतो. म्हणजे तुम्ही आणि तुमचा मुलगा.

आता काम. कपाट रिकामं आहे हे बरंच झालं. आधी ते नेमकं कसं हलतं ते बघा. डावी-उजवीकडे डुलत असेल तर पाठ. पुढे-मागे झुकत असेल तर फरशीचा उतार किंवा भिंतीचा आधार नाही. एका कोपऱ्यावर दाबलं की समोरचा कोपरा उचलत असेल तर पाय किंवा फरशी. तुमचं पहिल्या प्रकारात बसतं, पुठ्ठ्यांनी म्हणूनच काही झालं नाही. ते पुठ्ठे काढून टाका. फरशी पुसताना ओले होतात आणि फळीला पाणी पाजतात.

दोघांनी धरून कपाट सतरंजीवर पालथं घाला, तोंड खाली. पाठीचा बोर्ड काढा. चुका उपटताना पक्कड सरळ वर ओढू नका, खाली लाकडाची पट्टी ठेवून हळूहळू उचका, नाहीतर कडेचा तुकडा सोबत येईल. मग मिनिफिक्स बघा. फळीच्या पोटात बसवलेल्या त्या पैशाएवढ्या गोल चकत्या, ज्यांवर फुलीची खाच आणि शेजारी बारीक बाण असतो. चकती आत टाकताना बाणाचं टोक फळीच्या कडेकडे, म्हणजे जिथून खुंटा आत येतो त्या बाजूला असायला हवं. दुसऱ्या फळीतला खुंटा शेवटपर्यंत आत गेला, दोन्ही फळ्या एकमेकींना चिकटल्या, की मगच चकती घड्याळाच्या दिशेनं साधारण अर्धा फेरा फिरवायची. मधे ती जड लागते, तिथे थांबायचं. काहीच जड न लागता गरगर फिरत असेल तर एकतर बाण उलटा आहे किंवा खुंटा पुरता आत गेलेला नाही. तुमच्या फोटोत वरच्या उजव्या चकतीचा बाण फळीच्या मधोमधकडे आहे. ती चकती सध्या काहीही धरत नाही, नुसती बसली आहे. बाहेर काढा, फिरवा, परत बसवा.

दाते गेलेली ती दोन भोकं अशी दुरुस्त होतात. भोकातला भुसा फुंकून काढा. उदबत्तीच्या काड्यांवरचा मसाला खरवडून बांबूच्या कोऱ्या काड्या घ्या, किंवा काडेपेटीच्या काड्यांचं गूल तोडून. भोकात फेविकॉल सोडा, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून एकेक ठासा, आणखी एकही शिरणार नाही इतक्या. वरून कडेला समतल कापा. आणि चोवीस तास हात लावू नका. मे महिना असला, वरून कोरडं दिसलं, तरी नाही. आतलं हळू वाळतं. मग मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू परत. भोक खूप मोठं झालं असेल तर ते आठ मिलिमीटरचं करून त्यात आठचीच लाकडी गुल्ली फेविकॉलसकट ठोका आणि गुल्लीत स्क्रू घ्या. एक लक्षात ठेवा, फेविकॉल कोऱ्या फळीला धरतो, गुळगुळीत पांढऱ्या पापुद्र्याला नाही. जिथे पापुद्रा आहे तिथे तो लावून काही होत नाही, साल निघते फक्त.

आता पाठ. तो घडीचा हार्डबोर्ड परत लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. घडी पडलेला बोर्ड घडीवर मुडपतो, म्हणजे जिथे ताण यायचा तिथेच तो ढिला. जवळच्या प्लायवाल्याकडून सहा मिलिमीटरचा प्लाय कापून आणा. आठ बाय चारच्या पूर्ण शीटमधून तुमचं माप निघून दीड फुटाच्या आतबाहेरची पट्टी उरते, पण कटपीस मिळाला तर अख्खं शीट कशाला? माप कपाटाच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर कमी द्या. दुकानदाराला सांगा, कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, पाहिजेत. तुमची पाठ गुण्यात असली तर कपाट आपोआप गुण्यात येतं.

बसवायच्या आधी कर्णाचं माप घ्या, ही पायरी कुणीच करत नाही. डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा, मग उजवा वरचा ते डावा खालचा. १८० बाय ८० ला दोन्ही माप १९७ सेंटिमीटरच्या आसपास येतील. आकडा किती त्याला महत्त्व नाही, दोन्ही सारखे यायला हवेत. एक जास्त आला तर त्या कोपऱ्यावर तळहातानं आतल्या बाजूला ढकला आणि पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल. मग प्लाय ठेवा, एका लांब कडेला आधी वर-खाली दोनच स्क्रू. कर्ण पुन्हा मोजा. मग समोरच्या कडेला दोन. मगच बाकीचे, बारा-पंधरा सेंटिमीटरवर एक. स्क्रू २५ मिलिमीटर लांब, साडेतीन जाडीचे. फळी सोळा मिलिमीटरची, तेव्हा स्क्रू कपाटाच्या बाहेरच्या कडेपासून आठवर, फळीच्या बरोबर मध्यावर. आधी दोन मिलिमीटरचं भोक पाडल्याशिवाय एकही मारू नका, नाहीतर फळीचं पोट फुगून पापुद्रा फुटतो. वरच्या-खालच्या फळीला आणि मधल्या पक्क्या फळीलाही मागून स्क्रू हवेत. पितळी खुंट्यांवर ठेवलेल्या सरकत्या फळ्यांचा यात काही हातभार नसतो, त्यांना सोडून द्या.

उभं करा आणि ढकलून पाहा. फरक हाताला कळेल.

यानंतरही एक काम उरतं, आणि ते टाळू नका. पाच खणांत पुस्तकं खच्चून भरली की साधारण ऐंशी-नव्वद किलो होतात. इतकं वजन, खोली जेमतेम तीस सेंटिमीटर, आणि घरात वरच्या खणातलं पुस्तक घ्यायला खालच्या फळीवर पाय देणारं एखादं पोर असतंच. कपाट भिंतीला बांधायलाच हवं. खाली स्कर्टिंग असल्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही, वर बोटभर फट राहते. त्या फटीत तेवढ्याच जाडीचा लाकडाचा तुकडा घालून वरच्या फळीवर एल पट्टी बसवा, दोन्ही टोकांना एकेक. स्क्रू वरच्या फळीच्या पृष्ठभागातून, कडेतून नाही.

भिंत कशाची आहे ते ड्रिल सांगतं. लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. करडी आली आणि ड्रिल कण्हत असेल तर राखेची वीट. कोराडी-खापरखेड्याची राख जवळच असल्यामुळे आपल्याकडे ती भरपूर वापरतात. या दोन्हींत साधी प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती नळी) चालते, फक्त प्लास्टर ओलांडून विटेत गेली पाहिजे, म्हणून स्क्रू पन्नास मिलिमीटरपेक्षा कमी नको. पण करडी भुकटी येऊन ड्रिल विनाकष्ट आत सरकलं तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा. नव्या इमारतींत बहुतेक हाच असतो. त्यात साधी गिट्टी फिरत राहते. ड्रिलची हातोडी बंद करा आणि एएसी ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी मागा, इतवारीत हार्डवेअरवाल्याकडे मिळते. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, वायरीचा पाइप तिथूनच जातो.

भरताना कोश, जाड खंड, मुलांची परीक्षेची पुस्तकं तळाला. दिवाळी अंक वर.

प्रश्न : धरमपेठेतल्या आमच्या घरात चार फूट लांबीचं पुस्तकांचं शेल्फ आहे. डुलत नाही, पण फळ्यांना मधे बाक आलाय. मी निवृत्त शिक्षक, पुस्तकं कमी करणं होणार नाही. — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सर, पुस्तकं कमी करू नका, फळी कमी करा. फळी निम्मी लांब केली आणि दर फुटाला पुस्तकं तेवढीच ठेवली, तर बाक निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. म्हणून चार फुटांच्या फळीखाली बरोबर मध्यावर एक उभी फळी द्या. फक्त ती एकाच खणात देऊन भागत नाही. वरच्या खणाचं वजन खालच्या फळीच्या मध्यावर येईल आणि ती जास्त वाकेल. प्रत्येक खणात एकाखाली एक, शेवटची थेट जमिनीला टेकलेली.

ते नको असेल तर फळीच्या पुढच्या कडेला सागवानाची पट्टी उभी लावा, अठरा मिलिमीटर जाड, चाळीस उंच. लकडगंजात आरामशीनवर सांगितलं तर उरलेल्या मालातून चिरून रंधून देतात. फळीची पुढची पट्टी सोलून कोऱ्या जागी फेविकॉल आणि स्क्रू. दिसायलाही बरं दिसतं, स्वस्त कपाटाला खानदानी कड येते. त्याआधी वाकलेल्या फळ्या काढून उलट्या करा, बाक वर करून. वजनानं काही महिन्यांत सरळ होतात. मग पट्टी लावा. मात्र फळीला तडा गेला असेल, खालच्या अंगाला पापुद्र्यावर आडवी रेघ दिसत असेल, तर ती फळी बदला. ती उलटी करून वापरू नका.

प्रश्न : काकू, मी प्रतापनगरला भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. घरमालक भिंतीला एक भोक पाडू देत नाहीत. पाच फुटी रॅक आहे, पुस्तकं भरली की पुढे येतं असं वाटतं. दुहेरी टेपनं चिकटवू का? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : टेप नको गं. चुन्याच्या रंगाला ती धरत नाही, आणि धरलीच तर सोडताना रंग घेऊन येते, मग घरमालक भोकापेक्षा जास्त बोलतील. पुढच्या दोन पायांखाली मायकाचे तुकडे सरकव, कपाट केसभर मागे झुकेल आणि भिंतीला टेकेल. तुकडे फळीच्या पूर्ण जाडीला पुरतील एवढे घे. खोलीचा कोपरा मोकळा असेल तर तिथेच ठेव, दोन भिंतींचा आधार मिळतो. वजनदार पुस्तकं सगळी खालच्या दोन खणांत. पाठ नीट बसली आहे का ते वरच्या उत्तरात वाच.

एवढ्यानं काम चालेल, पण मला पूर्ण पसंत नाही. मालकांना एकदा स्वतः विचारून पाहा, दोनच भोकं, सोडताना पांढऱ्या पुट्टीनं बुजवून देईन म्हण. पुट्टीचं छोटं पाकीट घेऊनच जा सोबत. माणूस समोर वस्तू बघितली की जरा नरमतो. घरात लहान मूल येणार असेल तर मात्र उंच रॅक न बांधता ठेवू नकोस, त्याचे खण सुटे करून कमी उंचीचं कर.

प्रश्न : कूलरजवळच्या कपाटाचा एक पाय फुगून उललाय. तेल-पाणी लावलं, दाबून बसत नाही. — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बसणारही नाही. फुगलेला पार्टिकल बोर्ड परत चपटा होत नाही, आणि तेल तर मुळीच लावू नका, त्यावर मग काहीच चिकटत नाही. तेल पुसून घ्या. कपाट आडवं करून फुगलेला भाग पुरता वाळू द्या, सुटलेला भुसा पटाशीनं खरवडा, आणि दोन्ही उभ्या फळ्या खालून सारख्या मापात सेंटिमीटरभर कापून घ्या. ब्लेड बारीक दात्यांचं हवं आणि कापायच्या रेषेवर कागदी टेप. कापलेल्या कोऱ्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात, कारण पाणी तिथूनच शिरतं. खाली फर्निचरच्या पायांना लावतात त्या प्लास्टिकच्या गोट्या ठोका, म्हणजे फळी फरशीला टेकणार नाही. कूलर कपाटापासून निदान हातभर दूर, वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे थेंब त्याच्या अंगावर नकोत, आणि टाकीचा नळ गळत असेल तर तो आधी बदला.